अमेरिकेत कंपनीच्या डिसेबिलिटी इन्शुरन्सने क्लेम नाकारला? अपील करायच्या आधी हे वाचा

लाँग टर्म डिसेबिलिटीचा (आजार किंवा दुखापतीमुळे बराच काळ काम जमत नसेल तर पगाराचा काही भाग देणारा विमा) क्लेम रिजेक्ट झाला की बरेच जण रागाच्या भरात इन्शुरन्स कंपनीला दोन ओळींचं अपील पाठवून मोकळे होतात. प्लीज असं करू नका. खाजगी कंपनीच्या प्लॅनला १९७४ चा एरिसा (ERISA) हा कर्मचाऱ्यांच्या बेनिफिट प्लॅनचा केंद्रीय कायदा लागतो (सरकारी आणि चर्चच्या नोकऱ्या सहसा यात येत नाहीत) आणि उद्या कोर्टात गेलात तरी जज साधारणपणे तेवढेच कागद बघतो जे अपील संपेपर्यंत इन्शुरन्सवाल्यांच्या फाइलला लागलेत, ज्युरीसमोर जाऊन आपलं दुखणं सांगायची सोय तिथे बहुतेक नसतेच. म्हणून सगळा जीव या अपीलमध्ये ओता.

नकाराचं पत्र हातात पडल्यापासून १८० दिवस मिळतात. आधी लेखी अर्ज करून पूर्ण क्लेम फाइल मागवा, ती फुकट द्यावीच लागते. त्यात त्यांच्या नर्सच्या नोट्स, ज्या डॉक्टरने तुम्हाला न बघताच रिपोर्ट लिहिला त्याचा रिपोर्ट, कधीकधी तुमच्यावर पाळत ठेवून काढलेला व्हिडिओसुद्धा असतो. पॉलिसीत 'डिसेबल' कोणाला म्हणतात तेही नीट वाचा, बऱ्याच प्लॅनमध्ये पहिले २४ महिने तुमचं स्वतःचं काम जमतंय का एवढंच बघतात आणि नंतर कुठलंही काम जमतंय का ते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डॉक्टरचं पत्र. 'पेशंट काम करू शकत नाही' एवढ्याने काही होत नाही, कारण तुमच्या डॉक्टरच्या मताला जास्त वजन द्यायचं बंधन नाही असं सुप्रीम कोर्टाने २००३ मध्येच सांगितलंय. पत्र असं हवं: सलग २० मिनिटंच बसता येतं, मग आडवं व्हावं लागतं, औषधामुळे दुपारी गुंगी येते, कीबोर्डवर १० मिनिटांत बोटं बधिर होतात, आणि हे कुठल्या तपासणीत दिसलं. सोबत जॉब डिस्क्रिप्शन जोडा म्हणजे कुठलं काम का जमत नाही ते समोरासमोर दिसेल. घरच्यांचं, जुन्या मॅनेजरचं लेखी म्हणणंही जोडा. सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी डिसेबिलिटी मंजूर झाली असेल तर ते पत्र तर हवंच, २०१८ पासून इन्शुरन्सवाल्यांना तो निर्णय किंवा तुमच्या डॉक्टरचं मत का मानलं नाही हे कारणासकट लिहावं लागतं.

सगळं पोचपावतीसकट पाठवा. निर्णयाला त्यांच्याकडे ४५ दिवस असतात, खास कारण असेल तर आणखी ४५. मधेच त्यांनी नवीन डॉक्टरचा रिपोर्ट घेतला तर त्याच्या आधारावर नाकारायच्या आधी तो तुम्हाला दाखवावा लागतो, त्याला तुमच्या डॉक्टरकडून उत्तर द्याच.

वकील घ्यायचा असेल तर याच टप्प्यावर घ्या, नंतर त्याच्याही हातात फारसं राहत नाही. लेबर डिपार्टमेंटचे बेनिफिट्स अ‍ॅडव्हायझर फोनवर फुकट माहिती देतात. अपीलही फेटाळलं तर त्या पत्रात कोर्टात जायची शेवटची तारीख दिलेली असते, ती लगेच शोधून लिहून ठेवा.