मांगामधील जुळी भावंडे आणि गुंतागुंतीचे प्रतिनायक : तुलना कशी करावी

जुळ्या भावंडांच्या मांगांवर, म्हणजे जपानी चित्रकथांवर, चर्चा सुरू झाली की ती बहुधा दोन ठिकाणी भरकटते. एक तर दोघांपैकी अधिक ताकदवान कोण यावर तासभर वाद होतो, नाही तर एक सज्जन आणि एक दुर्जन असा शिक्का मारून विषय मिटवला जातो. ठाणे आणि नवी मुंबई परिसरात जे वाचक गट करून मांगा वाचतात आणि वाचून झाल्यावर त्यावर काही लिहू इच्छितात, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. तुलनेची सुरुवात स्वभावापासून न करता वाटणीपासून करावी, असे तिचे म्हणणे आहे. दोघांत जन्मतः सामाईक काय होते, ते कोणी आणि कोणत्या प्रसंगी विभागले, आणि प्रतिनायकाने आपल्या वाट्याचे पुढे काय केले, या प्रश्नांची उत्तरे हाती आल्यावर स्वभावाबद्दल बोलायला पुरेसा आधार मिळतो. पुढे ‘मॉन्स्टर’, ‘डीमन स्लेयर’ आणि ‘जुजुत्सु कायसेन’ यांतील महत्त्वाचे प्रसंग उघड केलेले आहेत. ज्यांनी केवळ अ‍ॅनिमे (मांगावरून केलेली अ‍ॅनिमेशन मालिका) पाहिली आहे त्यांनी हे ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

आधी तयारीविषयी. पूर्ण संच विकत घेणे बहुतेकांना परवडत नाही, त्यामुळे गटात खंड वाटून घेतले जातात. पहिले काही नौपाड्यात, मधले ऐरोलीत आणि नेमका शेवटचा खारघरला, अशी विभागणी होते आणि शेवटचा खंड ज्याच्याकडे असतो तो चर्चेच्या रविवारी हमखास गावाला गेलेला असतो. म्हणून टिपणे काढताना खंडाचा नव्हे, प्रकरणाचा क्रमांक लिहावा. नाओकी उरासावा यांची ‘मॉन्स्टर’ ही मालिका 1994 ते 2001 या काळात जपानमध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिचे 18 खंड झाले. आपल्याकडे वाचली जाणारी इंग्रजी ‘परफेक्ट एडिशन’ मात्र 9 खंडांची आहे. एकाने जुन्या आवृत्तीतील आठवा खंड सांगायचा आणि दुसऱ्याने नव्या आवृत्तीतील आठवा उघडायचा, यात चर्चेचा बराच वेळ वाया जातो. अ‍ॅनिमेमधील प्रसंग आणि मांगामधील चौकट यांची टिपणेही वेगळी ठेवावीत, कारण आवाज आणि पार्श्वसंगीत यांनी पात्राविषयी निर्माण केलेली सहानुभूती पुष्कळदा मूळ पानावर तेवढी नसते.

तुलनेसाठी एका वेळी दोनच जोड्या घ्याव्यात, फार तर तीन. जोडी निवडताना ‘जुळे’ या शब्दाची मर्यादा आधीच ठरवावी. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मधील ‘फादर’ हा प्रतिनायक होहेनहाइम या पात्राच्या रक्तापासून निर्माण झालेला आणि त्याचेच रूप घेतलेला आहे. तो जन्माने जुळा भाऊ नाही, पण वाटणीचा प्रश्न त्याला अचूक लागू पडतो, त्यामुळे त्याला तुलनेत घ्यायला हरकत नसावी. याउलट मित्सुरू अदाची यांच्या ‘टच’मध्ये तात्सुया आणि काझुया हे खरेखुरे जुळे भाऊ आहेत, परंतु तिथे प्रतिनायक म्हणावा असा कोणी नाही, म्हणून ती मालिका कितीही आवडती असली तरी या विषयापुरती बाजूला ठेवावी.

आता मुख्य काम. प्रत्येक जोडीसाठी वाटणीचा प्रसंग शोधावा आणि तो कोणाच्या हातून घडला हे एका वाक्यात लिहून काढावे. ‘डीमन स्लेयर’मध्ये ही वाटणी बाप करतो. त्सुगिकुनी घराण्यात जुळी मुले अशुभ मानली जातात, कारण त्यातून वारसाहक्काचा तंटा उभा राहतो. धाकटा योरिइची कपाळावर खूण घेऊन जन्मल्यामुळे बाप त्याला मारून टाकायला निघतो आणि आईच्या संतापामुळे थांबतो. त्यानंतर दोघांच्या खोल्या वेगळ्या, कपडे वेगळे, शिक्षण वेगळे. थोरल्या मिचिकात्सुने घराणे चालवायचे आणि धाकट्याला दहाव्या वर्षी मंदिरात पाठवायचे, असे ठरते. ‘जुजुत्सु कायसेन’मध्ये वाटणी निसर्गनियमानेच नाकारलेली आहे. शापविद्येच्या हिशोबात जुळ्या बहिणी ही एकच व्यक्ती धरली जाते, त्यामुळे माकी आणि माई या बहिणींपैकी माकीने कितीही कष्ट केले तरी, जोवर माईला बलवान व्हायचे नाही, तोवर त्या कष्टांचे पूर्ण फळ तिला मिळत नाही. आणि माईच्या वाट्याला आलेली विद्या इतकी तुटपुंजी, की दिवसाला बंदुकीची एक गोळी घडवण्यापलीकडे तिची मजल जात नाही. दोन राण्यांच्या पोटी अर्धे-अर्धे जन्मलेले आणि जरा राक्षसीने सांधलेले जरासंधाचे शरीर ज्याला आठवते, त्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. तिथे सांधल्याने सामर्थ्य येते आणि इथे तुटल्याने, हा फरक तेवढा नोंदवावा : मरता मरता माई बहिणीसाठी एक तलवार घडवते, सगळे नष्ट कर असे सांगते, आणि त्यानंतरच माकीचे बळ पूर्णत्वाला जाते.

‘मॉन्स्टर’मधील वाटणी या सर्वांत अवघड आहे, आणि माझ्या मते कोणत्याही तुलनेचा मापदंड तीच असावी. मालिकेचा प्रतिनायक योहान आणि त्याची जुळी बहीण आन्ना यांना आई एकसारखे, मुलीचे कपडे घालून वाढवते. त्यांपैकी एकाला घेऊन जायला माणसे येतात तेव्हा ती आधी एकाला पुढे करते, मग दुसऱ्याला. अखेर आन्ना नेली जाते. रेड रोझ मॅन्शन या वाड्यातील भयंकर प्रसंग आन्ना पाहते आणि परत आल्यावर भावाला सांगते, आणि घरीच राहिलेला योहान तो अनुभव आपलाच म्हणून मनात साठवतो. म्हणजे जे घडले ते बहिणीच्या वाट्याला आले आणि त्याची जखम भावाच्या. अनेक खंडांनंतर तो, लहानपणी शस्त्रक्रिया करून आपले प्राण वाचवणाऱ्या डॉक्टर तेन्माला विचारतो ते हेच : आईला वाचवायचे होते ते मला, की माझ्यात आणि बहिणीत तिची गल्लत झाली? शेकडो पाने ज्याच्या हत्यांचा हिशोब मांडण्यात गेली, त्या माणसाचा हा प्रश्न एखाद्या लहान मुलाला शोभावा असा आहे, आणि उरासावा त्याचे उत्तर देत नाहीत. टिपणातही ते रिकामेच ठेवावे.

यावरून दुसरी पायरी ओघानेच येते : फ्लॅशबॅक कोणाच्या आठवणीतून आलेला आहे, हे प्रत्येक वेळी तपासावे. गटचर्चेत सर्वाधिक चुका इथे होतात. मिचिकात्सु पुढे कोकुशिबो नावाचा राक्षस होतो आणि त्याची कहाणी विसाव्या खंडात येते. ती त्याच्या स्वतःच्या आठवणीतून आलेली असल्यामुळे तिथला योरिइची हा मत्सराने पोळलेल्या भावाला दिसलेला योरिइची आहे. एकविसाव्या खंडात योरिइची स्वतःची हकीकत सुमियोशी या कोळसा विकणाऱ्या गृहस्थाला सांगतो तेव्हा तिचा भर पत्नीच्या मृत्यूवर आणि राक्षसांचा म्होरक्या मुझान हातून निसटल्याच्या खंतीवर आहे. चढाओढीचा तिथे मागमूसही नाही. दोन्ही प्रकरणे एकापाठोपाठ वाचली की लक्षात येते, की ज्या स्पर्धेपायी एक भाऊ राक्षस झाला, ती स्पर्धा दुसऱ्याच्या गावीही नव्हती. ही गोष्ट मांगात कोणी बोलून दाखवत नाही. दोन कथने शेजारी ठेवणाऱ्या वाचकालाच ती सापडते.

अशा ठिकाणी एखादी वस्तू धरून वाचणे उपयोगी पडते. मिचिकात्सुने लहानपणी भावाला स्वतः बनवलेली एक साधी बासरी दिली होती. ऐंशी वर्षे उलटून गेलेला योरिइची त्याच्यासमोर उभ्या उभ्या प्राण सोडतो, त्यानंतर कोकुशिबो त्या देहावर तलवार चालवतो, आणि देहाबरोबर कापली गेलेली ती बासरी कापडी पिशवीतून खाली पडते. पुढे कोकुशिबोचा शेवट होतो तेव्हा त्याच्या मागे उरलेल्या वस्तूंतही तीच बासरी असते. त्याने ती इतकी शतके जपली, ही नोंद ‘मत्सरी’ या विशेषणापुढे लिहिली की ते विशेषण अपुरे ठरते. प्रत्येक प्रतिनायकासाठी त्याच्या विशेषणाला छेद देणारी अशी एक तरी नोंद शोधावी. ती सापडत नसेल तर पात्र गुंतागुंतीचे नाही, असे म्हणायला कचरू नये. माकी-माईचा बाप ओगी हा असाच सपाट आहे : आपल्याला घराण्याचे प्रमुखपद मिळाले नाही याचे खापर तो मुलींवर फोडतो आणि त्यापलीकडे त्याच्यात काही नाही. तिथली गुंतागुंत माकीकडे जाते, कारण झेनिन या त्यांच्याच घराण्याचा संहार तिच्या हातून होतो आणि वाचक तिच्या बाजूला उभा असतो.

यानंतर एक कसोटी लावावी. जुळे भावंड कथेतून मनाने काढून टाकावे आणि प्रतिनायक उभा राहतो का ते पाहावे. योरिइची काढला तर मिचिकात्सु घराणे सांभाळणारा एक बरा सामुराई म्हणून उरतो. आन्ना काढली तरी किंडरहाइम 511 या अनाथालयाचे क्रौर्य आणि योहानची धोकादायक हुशारी शिल्लक राहते, मात्र दुसऱ्याची आठवण स्वतःची समजण्याचा त्याच्या मनाचा पाया नाहीसा होतो. ‘जुजुत्सु कायसेन’चा मुख्य प्रतिनायक सुकुना याने आईच्या पोटातच आपल्या जुळ्या भावाला गिळले, हे लेखक अकुतामी फार उशिरा, 257व्या प्रकरणात सांगतात; ते काढून टाकले तर नायक युजीच्या वंशावळीतला एक दुवा जातो, पण सुकुना रेसभरही बदलत नाही. चाहत्यांना हे पटणार नाही, तरीही कसोटी हेच सांगते. ‘सेंट सेइया’मधील सागा आणि कानोन या जुळ्या भावांबाबत निकाल थोडा वेगळा लागतो, कारण सागाची फाळणी त्याच्या स्वतःच्या मनातही झालेली आहे.

लिहायला बसताना एक परिच्छेद एका मालिकेला आणि दुसरा दुसरीला असे करू नये. तसे केले की दोन सारांश तयार होतात, तुलना होत नाही. एकेका प्रश्नाला एकेक परिच्छेद द्यावा आणि दोन्ही जोड्या त्यात आणाव्यात. ‘कोकुशिबो मत्सरी आहे आणि योहान क्रूर आहे’ या वाक्यातून वाचकाच्या हाती काही लागत नाही. ‘कोकुशिबोला भावाच्या वाट्याचे हवे होते, तर योहानने बहिणीच्या वाट्याचे न मागता उचलले’ असे लिहिले तर दोघे एकाच मापाने मोजले जातात आणि विरोध करू इच्छिणाऱ्यालाही नेमके कशाला विरोध करायचा ते कळते. श्रेष्ठ कोण, हा प्रश्न चर्चेत निघणारच. तो शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवावा.

काझुए कातो यांची ‘ब्लू एक्सॉर्सिस्ट’ ही मालिका 2009 पासून सुरू आहे. त्यातील युकिओ हा नायक रिनचा जुळा भाऊ सावकाश, जवळजवळ वाचकाच्या नकळत, शत्रुपक्षाकडे सरकतो, त्यामुळे या पद्धतीसाठी तो उत्तम विषय आहे. अशा चालू मालिकेवर लिहिताना कोणत्या प्रकरणापर्यंत वाचून मत बनवले आहे, हे लेखाच्या पहिल्याच ओळीत नमूद करावे.