जुनी गाडी आणि वाढीव वॉरंटी: कोल्हापुरात नव्यानं आलेल्यांसाठी

कोल्हापुरात नोकरीसाठी आलेलं माणूस वर्षभराच्या आत गाडीच्या शोधाला लागतं. शहरात केएमटी आहे, रिक्षा आहेत. पण शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत दुसरी पाळी लागली की रात्री घरी यायचं कसं, हा प्रश्न उरतोच. गावाकडून आई-वडील आले की त्यांना जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी दाखवायची असते. नवी गाडी झेपत नाही म्हणून जुनी बघायची ठरते. सौदा होतो, इसार दिला जातो, आणि मग समोरून पत्रक येतं: "वर्षाची वॉरंटी घेऊन टाका, इंजिन-गिअरबॉक्सची काळजी मिटली."

मी मूळची लातूरची. इथं हिशेब खात्यात काम करते, करार वाचायची सवय आहे, म्हणून ऑफिसात नव्यानं आलेली मंडळी ही पत्रकं माझ्याकडे घेऊन येतात. प्रत्येकाला जे सांगते ते एकदा सविस्तर लिहून ठेवते.

माझं मत आधी सांगते. इथल्या मेस्त्रीच्या हाताला जे काम येतं, त्यासाठी वॉरंटीला पैसे देऊ नका. जे काम गावात होत नाही, अख्खा भागच कंपनीकडून मागवून बदलावा लागतो, त्यासाठी द्या. तेही कागद नीट वाचून.

हे मत पुण्या-मुंबईत कदाचित लागू पडणार नाही. कोल्हापूरचं वेगळं आहे, आणि ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी दिसत नाही. हे ओतकामाचं, लेथचं, ऑइल इंजिनांचं गाव आहे. उद्यमनगरात एकदा पायी फिरून या. एका गल्लीत सिलिंडर बोअर करणारा, पलीकडे हेड फेसिंगवाला, त्याच्या शेजारी क्रँक घासून देणारा. इंजिन उतरवलं तर त्याचे भाग हातगाडीवरून या दुकानातून त्या दुकानात फिरून पुन्हा जोडले जातात. मारुतीच्या जुन्या पेट्रोल गाड्या, ते १.३ लिटरचं डिझेल इंजिन, साधा पाच गिअरचा बॉक्स, यांची कामं करून हात बसलेली माणसं इथं आहेत. "ह्यात न जमण्यासारखं काय हाय मॅडम?" असं मेस्त्री म्हणतो तेव्हा त्याला आपलं काम ठाऊक असतं. मारुतीनं एप्रिल २०२० पासून ते डिझेल इंजिन बंद केलं, तरी त्याचे सुटे भाग आणि जाणकार दोन्ही इथं मिळतात. अशा गाडीला वर्षाची वॉरंटी घेणं म्हणजे ज्याचा खर्च आवाक्यात आहे त्याचा आगाऊ हप्ता भरणं.

आकड्यांत बघू. समजा योजना १५,००० रुपयांची आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १७,७०० झाले. ज्या मोठ्या कामाची भीती आहे ते १ लाखाचं धरा. मग पैसे वसूल व्हायला अशा पाच-सहा गाड्यांमागे एकीला ते काम त्याच वर्षात निघायला हवं. नीट तपासून घेतलेल्या साध्या पेट्रोल गाडीत इतक्या वेळा असं होत नाही. आणि जी कामं हमखास निघतात, म्हणजे क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर, सस्पेन्शनचे बुश, पट्टे, रबरी नळ्या, ती "झीज" या सदराखाली बहुतेक सगळ्या योजनांतून वगळलेली असतात. त्यापेक्षा तेवढीच रक्कम वेगळ्या खात्यात टाका. वर्ष निर्विघ्न गेलं तर पैसे तुमचेच.

आता उलट बाजू. ऑटोमॅटिक गाडी घेताय? त्यातही ड्युअल क्लच किंवा सीव्हीटी या प्रकारच्या गिअरबॉक्सची? टर्बो पेट्रोल? बीएस-६ डिझेल, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांप्रमाणे बनलेलं? इथं माझं मत बदलतं. ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट गेलं तर उद्यमनगरातला उत्तम कारागीरही बहुधा हात लावत नाही. भाग कंपनीकडूनच येतो, कंपनीच्या संगणकावरच जुळवावा लागतो. इलेक्ट्रिक स्टिअरिंगचं युनिट, एएमटीचा (साध्या गिअरबॉक्सवरच बसवलेल्या ऑटोमॅटिकचा) गिअर टाकणारा ॲक्च्युएटर, डिझेलचा हाय प्रेशर पंप यांचंही थोड्याफार फरकानं तसंच. अशा एका कामाचं बिल नव्या बिऱ्हाडाचं वर्षाचं गणित बिघडवू शकतं. तिथं वसुली किती होईल हा हिशेब मागे पडतो आणि "एवढा खर्च एकदम आला तर पेलेल का?" हा प्रश्न पुढे येतो. पेलणार नसेल तर वॉरंटी घ्या.

बीएस-६ डिझेलबद्दल एक जास्तीची गोष्ट. त्यातल्या धुराच्या फिल्टरला, डीपीएफला, स्वतःला साफ करायला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग धावणं लागतं. तुमचं रोजचं जाणं-येणं राजारामपुरी ते शाहूपुरी एवढंच असेल तर तो तुंबतो, आणि अशा तुंबण्याला योजनावाले वापरातला दोष म्हणतात. तेव्हा वॉरंटीचा विचार करण्याआधी गाडीच बदला. पेट्रोल घ्या.

वॉरंटी कोण देतंय हे बघणं तर सगळ्यात महत्त्वाचं. गाडी बनवणाऱ्या कंपनीची वाढीव वॉरंटी एक. ती पहिल्या मालकानं घेतलेली असेल तर बहुतेक कंपन्यांत अर्ज करून तुमच्या नावावर होते. आणि मूळ वॉरंटी अजून शिल्लक असेल तर ती संपायच्या आत तुम्हालाही वाढवून घेता येते. मारुतीनं जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांची मूळ वॉरंटी २ वर्षे ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षे १ लाख किलोमीटर केली. त्यामुळे दोन गाड्यांत जेमतेम वर्षाचा फरक असला तरी एकीची मूळ वॉरंटी संपलेली आणि दुसरीची चालू, असं होतं. विक्रीची तारीख विचाराच. ही वॉरंटी देशभर चालते, म्हणून ज्यांची नोकरी बदलीची आहे त्यांना मी ती आग्रहानं सुचवते. अट एकच जाचक असते: सगळी सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात, वेळेवर.

दुसरी, कंपनीच्याच जुन्या गाड्यांच्या शोरूमची. तिथं तपासलेल्या गाडीवर मर्यादित वॉरंटी किमतीतच धरलेली असते. ती मिळत असताना वर आणखी एक योजना विकत घ्यायची घाई नको.

तिसरी, तिऱ्हाईत कंपनीची योजना, जी बाहेरच्या कन्सल्टंटकडे, म्हणजे जुन्या गाड्या विकणाऱ्या दलालाकडे मिळते. इथं मी बहुतेकांना नको म्हणते. घ्यायचीच असेल तर पत्रकावर जाऊ नका, संपूर्ण करार हातात घ्या आणि काही जागा बोट ठेवून वाचा. एकूण दाव्याची कमाल रक्कम किती? भागांवर घसारा, म्हणजे भाग जुना म्हणून रक्कम, कापणार का? वॉरंटी पहिल्या दिवसापासून सुरू की काही दिवसांनी? "परिणामी नुकसान" वगळलंय का? हे शेवटचं कलम फार नडतं. रबरी नळी फाटून पाणी गेलं आणि इंजिन तापून बसलं, तर नळी झिजेत मोडते आणि तिच्यामुळे बसलेलं इंजिन परिणामी नुकसानात. हातात काहीच येत नाही. आणखी एक: दोष शोधायला इंजिन खोलावं लागलं आणि दावा नाकारला, तर खोलण्या-जोडण्याची मजुरी कोणाची? बहुतेकदा तुमची.

आणि दावा करायचा कुठं? "कोल्हापुरात आपलं वर्कशॉप आहे" हे तोंडी ऐकून घेऊ नका. त्या वर्कशॉपचं नाव करारात नसेल तर गाडी सांगली किंवा पुण्याला ओढून न्यायला लावतील. आधी मंजुरी, मग काम, अशी अट असते, तेव्हा गगनबावड्याला गाडी बंद पडली आणि जवळच्या मेस्त्रीनं मदतीच्या भावनेनं इंजिन खोललं तर दावा संपला. रस्त्यावरच्या मदतीसाठी वॉरंटी घेत असाल तर ती मदत विम्यासोबत जोडून घेता येते, थोड्या पैशांत.

आता पुराचं. याबद्दल मी जरा जास्त बोलते, कारण बाहेरून आलेल्याच्या डोक्यात हे येतच नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं होतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका मानतात. त्या दोन्ही वर्षी पाणी धोक्याच्या खूप वर गेलं, महामार्गसुद्धा बंद पडला. सांगलीत कृष्णेचं तेच. चिपळूण जुलै २०२१ मध्ये बुडालं. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात फिरतात. म्हणून एमएच ०९ असो, सांगलीची एमएच १० असो की रत्नागिरीची एमएच ०८, त्या तारखांच्या आधीची गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. पायाखालचं मॅटिंग उचला. स्टेपनीच्या खाचेत, सीटच्या रुळांवर गंज बघा. नंबर देऊन अधिकृत केंद्रातून सर्व्हिसची नोंद काढायला लावा, आणि त्या दोन पावसाळ्यांनंतरची कामं वाचा. सीट, वायरिंग, कंट्रोल युनिट एकाच वेळी बदललं असेल तर गाडी सोडून द्या.

कारण अशा गाडीची वायरिंग हळूहळू कुजते, बिघाड आज इथं तर उद्या तिथं निघतो. आणि पाण्यानं झालेलं नुकसान, तसंच आधीपासून असलेला दोष, कोणतीही वॉरंटी भरून देत नाही. पुढच्या पावसाळ्याची भीती असेल, व्हीनस कॉर्नर किंवा नागाळा पार्कच्या सखल भागात घर असेल, तर त्याचा उपाय विम्यातलं इंजिन प्रोटेक्टर कलम. पाणी आत गेलेलं इंजिन सुरू केल्यानं बसलं, तर साधा विमा सहसा पैसे देत नाही, हे कलम देतं. माझ्या मते इथं वॉरंटीच्या आधी हे घ्यावं.

सौदा करण्याआधी गाडी त्रयस्थ मेस्त्रीला दाखवा. इथं ओळख नाही म्हणून नवा माणूस नेमका हे टाळतो. ओळख करून घेणं अवघड नाही, ऑफिसातल्या स्थानिक माणसाला "तुमची गाडी कोणाकडे?" एवढं विचारा, तो स्वतः सोबत येईल. तरीही पहिल्या वर्षी कोणीच भरवशाचं नाही असं वाटत असेल आणि कंपनीची वॉरंटी मिळत असेल, तर साध्या गाडीलाही एक वर्ष घ्यायला माझी हरकत नाही. तेवढ्या काळात तुमचा मेस्त्री तुम्हाला सापडतो.

बेळगाव, निपाणीकडून केए नंबरची गाडी स्वस्त दिसते. कंपनीची वॉरंटी तिला इथंही चालेल, पण तिकडच्या डीलरची स्वतःची वॉरंटी इथं चालवणं कठीण. शिवाय गाडी इकडे कायम ठेवायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणून बारा महिन्यांत इथं नोंद करायची, महाराष्ट्राचा कर भरायचा. तो धरून किंमत मोजा.

दावा चुकीच्या कारणानं नाकारला तर गप्प बसू नका. नकार लेखी मागा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही हललं नाही तर कोल्हापुरातल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, कंपनीचं कार्यालय मुंबईत किंवा गुरुग्रामला असलं तरी, कारण २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथं तक्रार करता येते. तुम्ही मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. पत्रक, पावती, सर्व्हिसची बिलं, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, सगळं जपून ठेवा.

गाडी ताब्यात आली की फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव लावायला टाका, आधीच्या कर्जाचा बोजा उतरलाय का ते आरसीवर बघा, आणि विमा १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. वॉरंटी शिल्लक असेल तर तिच्या हस्तांतराचा अर्जही त्याच आठवड्यात अधिकृत केंद्रात नेऊन द्या आणि पोच घ्या. कन्सल्टंट "आम्ही करतो की सगळं" म्हणेल. करू दे, पण पोच तुमच्या हातात हवी.