बेल जारमधला व्हॅक्युम: मोजायचा कसा, टिकवायचा कसा

महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या पदार्थविज्ञान विभागांत पातळ थर चढवण्याचं कोटिंग युनिट बहुधा एकाच घाटाचं असतं. वर बारा इंची काचेचा बेल जार (घंटेच्या आकाराचं झाकण), खाली गरम तेलाच्या वाफेच्या फवाऱ्यावर चालणारा डिफ्यूजन पंप, त्याच्या पाठीशी दोन टप्प्यांचा रोटरी (फिरता यांत्रिक पंप), आणि पॅनेलवर दाब दाखवणारे दोन गेज: पिराणी आणि पेनिंग. ॲल्युमिनिअमचा थर चकचकीत यायचा तर १०⁻⁵ मिलिबारच्या घरातला दाब लागतो. प्रयोगशाळेच्या बोलीत हाच 'मायनस पाच'. तो आला नाही की पहिलं बोट पंपाकडे जातं, पण पंप सहसा ठीकच असतो आणि आत कुठून तरी वायू येत असतो. पंप हवा ओढत नाही. जे रेणू भटकत त्याच्या तोंडाशी येतात तेवढेच तो परत जाऊ देत नाही. म्हणून 'वायू कुठून येतोय' हा प्रश्न आधी, पंपाची दुरुस्ती नंतर.

गेज काय दाखवतो

एकक आधी पक्कं करा. १ मिलिबार म्हणजे १०० पास्कल, म्हणजेच ०.७५ टॉर. जुन्या पॅनेलवर टॉर आणि नव्यावर मिलिबार असेल तर दोन्ही आकडे एकाच वहीत उतरवू नका. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला १०१३ मिलिबार असतो, पण पुण्यात, सुमारे ५६० मीटर उंचीवर, तो ९५० च्या आसपास भरतो. तिथे गेजचं वरचं टोक १०१३ वर 'जुळवून' ठेवलं तर सुरुवातच चुकते.

पिराणी प्रत्यक्षात दाब मोजत नाही. एका तापलेल्या तारेची उष्णता वायू किती वेगाने नेतो ते तो मोजतो. साधारण १ मिलिबारपासून १०⁻³ पर्यंत त्यावर भरवसा ठेवता येतो. त्याची मापनपट्टी हवेसाठी किंवा नायट्रोजनसाठी आखलेली असते. आत अर्गॉन असेल तर तो कमी दाब दाखवतो, खरा दाब वाचनाच्या सुमारे १.६ पट असतो. हे गुणक कमी दाबापुरतेच आहेत. वातावरणाच्या जवळ अर्गॉनवर पिराणीचं वाचन इतकं खाली राहतं की आतला दाब बाहेरच्याहून वर गेला तरी कळत नाही. म्हणून अर्गॉन भरताना पिराणीवर विसंबू नका, सुटका-झडप लावा.

पेनिंगचा पल्ला १०⁻² पासून १०⁻⁶ पर्यंत. चुंबकाच्या क्षेत्रात सुमारे २००० व्होल्ट देऊन विद्युत विसर्ग (वायूतून वाहणारी वीज) पेटवायचा आणि त्याचा प्रवाह मोजायचा, एवढंच त्याचं काम. १०⁻² च्या वर तो चालू ठेवला तर लवकर काळवंडतो. नीट ठेवलेल्या पेनिंगचं वाचनही निम्म्याने इकडेतिकडे असू शकतं. त्यामुळे '३ × १०⁻⁵ की ४ × १०⁻⁵' यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पेनिंगची खरी अडचण अशी की तो घाण झाला की *चांगला* आकडा दाखवतो. डिफ्यूजन पंपाच्या सिलिकॉन तेलाची वाफ त्यात शिरते, तिथे फुटते आणि धातूवर विद्युतरोधक थर बसतो. प्रवाह घटतो, काटा खाली जातो, आणि आपण खूश होतो. कधी कधी तर चालू केल्यावर विसर्ग पेटलेलाच नसतो. तपासणी एका मिनिटाची आहे: जार आणि डिफ्यूजन पंपामधला हाय व्हॅक्युम व्हॉल्व्ह बंद करा आणि काट्याकडे पाहा. दाब चढू लागला पाहिजे. काटा ढिम्म राहिला तर गेज झोपलेला आहे. सॉकेटची तार आधी काढा, मगच गेजचं डोकं उघडा. आतला धातू बारीक पॉलिश पेपरने उजळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकवा, आणि ओ-रिंग (सांधा बंद करणारं रबरी कडं) तपासून बसवा.

पंप लावण्याचा क्रम

थंड पाणी सोडा आणि हाताने निकासाची धार पाहा. बोअरवेलच्या जड पाण्याने कॉइलमध्ये क्षार साचतात आणि धार हळूहळू बारीक होते. मग रोटरी चालू करून बॅकिंग व्हॉल्व्ह (डिफ्यूजन पंप आणि रोटरी यांच्यामधला) उघडा. बॅकिंग लाइनचा पिराणी ५ × १०⁻² च्या खाली आला की डिफ्यूजन पंपाचा हीटर लावा आणि अर्धा तास थांबा.

बेल जार रिकामा करायची वेळ आली की बॅकिंग बंद, रफिंग (जार थेट रोटरीला जोडणारा व्हॉल्व्ह) उघडा. जार ५ × १०⁻² वर आला की रफिंग बंद करा. इथे 'अजून थोडं खाली जाऊ दे' हा मोह आवरा. त्याखाली नळीतला वायूचा प्रवाह इतका विरळ होतो की रोटरीच्या तेलाची वाफ उलटी जारमध्ये चढते, आणि थर काचेला चिकटत नाही. रफिंग बंद झाल्यावर बॅकिंग पुन्हा उघडून लाइन सावरेपर्यंत थांबा, मग हाय व्हॅक्युम व्हॉल्व्ह सावकाश उघडा. बॅकिंगचा दाब सुमारे ०.५ मिलिबारच्या वर गेला तर तेलाची फवारणी मोडते आणि तेल वर जारकडे उसळतं. हा आकडा पंपागणिक बदलतो, तुमच्या पंपाच्या पुस्तिकेत तो असतो.

बंद करताना हीटर आधी, रोटरी आणि पाणी शेवटी. पंप थंड व्हायला पाऊण तास द्या. गरम तेलावर हवा सोडली की ते जळतं.

गळती की ओल?

दाब अडकला असेल तर जार पंपापासून वेगळा करून दर मिनिटाला वाचन घ्या. हिशेब सोपा आहे: आकारमान गुणिले दाबातली वाढ, भागिले सेकंद. समजा जार आणि तळपट्टीचं मिळून आकारमान ३० लिटर, आणि १० मिनिटांत दाब १ × १०⁻³ वरून १.६ × १०⁻² मिलिबार झाला. वाढ ०.०१५, म्हणजे ३० × ०.०१५ ÷ ६००, उत्तर ७.५ × १०⁻⁴ मिलिबार-लिटर प्रति सेकंद. बॅफलमधून (पंपाच्या तोंडावरचा, तेलाची वाफ अडवणारा पडदा) पंपाचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला १५० लिटर धरला तर दाब ५ × १०⁻⁶ वर थांबेल. एवढं चालतं. वाढ दहापट असेल तर ५ × १०⁻⁵ च्या खाली तुम्ही जाणार नाही, रात्रभर पंप चालवला तरी.

आता आलेखाचा आकार पाहा. सरळ चढती रेघ म्हणजे बाहेरून हवा येते. सुरुवातीला भराभर चढून मग वाकणारी रेघ म्हणजे भिंतींवरून सुटणारी वाफ, बहुतेक वेळा पाणीच. पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, जार अर्धा तास उघडा राहिला तरी पुढचे दोन तास जातात. म्हणून कोरड्या नायट्रोजनने व्हेंट करा (जार वातावरणाच्या दाबावर आणा), नमुना आधी तयार ठेवा, जार शक्य तितका कमी वेळ उघडा, आणि हातमोज्यांशिवाय आत हात घालू नका.

गळती असेल तर शोध नेहमी या ठिकाणांपासून: बेल जारची खालची गॅस्केट, फिरता शटरचा दांडा, विद्युत फीडथ्रू (वीज आत नेणारा सांधा), गेजची ओ-रिंग. ओ-रिंगवरचा एक केस पुरेसा असतो. रिंग काढून उजेडात तिरकी धरा, बोटाने फिरवून खाच जाणवते का पाहा. ग्रीस फक्त चमक येण्यापुरतं. त्याहून जास्त ग्रीस धूळ धरतं.

हीलियमने गळती हुडकणारं शोधयंत्र नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकेक थेंब सिरिंजने सांध्यावर सोडा आणि पिराणीकडे पाहा. वाफ आत शिरली की काटा उडी घेतो. हीटर आणि ठिणगी देणारं सगळं आधी बंद. ॲसिटोन वापरू नका, नायट्राइल रबर फुगतं. दोन थेंबांच्या मध्ये काटा पूर्ववत होईपर्यंत थांबा. घाईत चुकीच्या सांध्यावर ठपका येतो. हीलियम असेल तर तपास वरून खाली करा, कारण तो हलका असल्याने वर चढतो.

सगळे सांधे निर्दोष ठरूनही रेघ सरळच येते, तेव्हा आतल्या स्क्रूंकडे वळा. बंद भोकात घट्ट बसवलेल्या स्क्रूच्या तळाशी अडकलेली हवा आट्यांमधून दिवसेंदिवस झिरपत राहते. बाहेरून कितीही अल्कोहोल सोडा, काटा हलत नाही. अशा स्क्रूला मधून आरपार बारीक भोक किंवा आट्यांवर उभी खाच करून घ्या. पितळेचे भाग गरम जागेत ठेवू नका, त्यातलं जस्त उडतं.

रोटरी आणि वीज

रोटरीचं तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. इनलेट बंद ठेवून गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडणारी झडप) अर्धा तास उघडा. तरी पांढरटच राहिलं तर बदला, आणि काढताना तेल कोमट असू द्या. तीन फेजची मोटर असेल तर वायरिंगला हात लागल्यावर फिरण्याची दिशा बाणाशी जुळते का हे क्षणभर चालवून पाहा.

वीज गेली तर हाय व्हॅक्युम आणि बॅकिंग व्हॉल्व्ह लगेच बंद, मग रोटरीच्या तोंडाशी हवा सोडा. नाहीतर तेल नळीतून वर चढतं. विजेचा भरवसा नसेल तिथे वीज जाताच आपोआप बंद होऊन रोटरीला हवा देणारा चुंबकीय व्हॉल्व्ह बसवून घ्यावाच. पाणी मात्र चालू ठेवा. टाकीतून उतारावर येणारं पाणी असेल तर तेच सोडलेलं राहू द्या.

द्रव नायट्रोजनचा ट्रॅप (वाफ गोठवून धरणारं थंड भांडं) असेल तर तो जार मायनस तीनच्या खाली गेल्यावरच भरा. हवा वाहत असताना ७७ केल्विनचा ट्रॅप ऑक्सिजन द्रवरूप करतो. ट्रॅपमध्ये फिकट निळा द्रव दिसला तर तो द्रव ऑक्सिजन आहे, आणि आसपास पंपाचं तेल आहे, म्हणजे स्फोटाचा धोका. ट्रॅप झाकू नका, व्हॉल्व्ह लावून कोंडू नका, बाहेर जायची वाट मोकळी ठेवून खोलीतून दूर व्हा आणि त्याला आपोआप उडून जाऊ द्या.