आवाज येतो, चित्र दिसत नाही: कोडेकचा घोळ घरच्या घरी कसा सोडवावा

दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागला की वडसा, ब्रह्मपुरीकडच्या गावांत रात्र रात्र शूटिंग चालतं. पुढे लग्नं आहेत, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आहेत, आणि आता त्यांवर ड्रोनही फिरतो. काही दिवसांनी पेनड्राइव्ह घरी येतो, पोरगं तो कॉम्प्युटरला लावतं आणि फोन येतो, “भाऊ, आवाज येऊन राहिला, पण चित्रच दिसून नाही राहिलं.” फाइल खराब निघाली म्हणून शूटिंगवाल्याकडे तालुक्याला चक्कर मारू नका. बहुतेक वेळा फाइल चांगली असते, कॉम्प्युटरलाच ती वाचता येत नाही.

फाइलच्या नावामागे एमपी४, एमकेव्ही किंवा एव्हीआय लिहिलेलं असतं, तो नुसता डबा. आत चित्र आणि आवाज वेगवेगळ्या पद्धतीनं दाबून भरलेले असतात. दाबण्याच्या आणि उलगडण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. म्हणून एक एमपी४ चालते आणि तसल्याच नावाची दुसरी चालत नाही. जुन्या फाइलींत बहुधा एच.२६४ असतं, ते २००३ पासूनचं आहे आणि जवळपास सगळीकडे चालतं. नवे मोबाइल आणि ड्रोन एच.२६५ वापरतात, त्यालाच एचईव्हीसी म्हणतात. ते २०१३ चं. जागा कमी खातं, पण अडवणूक बहुतेक तेच करतं. नाव बदलून एमकेव्हीचं एमपी४ केल्यानं काही होत नाही, तो खटाटोप करूच नका.

सगळ्यात आधी फाइल पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटरवर कॉपी करा आणि दोन्हीकडचा आकार सारखा आहे का ते बघा. कॉपी होताना लाइन गेली असेल तर फाइल अर्धीच उतरते. एमपी४ मध्ये फाइलची अनुक्रमणिका बरेचदा शेवटी असते, त्यामुळे शेपूट तुटलेली फाइल उघडतच नाही. तिथं कोणताही कोडेक कामाचा नाही, फाइल पुन्हाच आणावी लागते.

आकार जुळला की व्हीएलसी प्लेअर टाका. भगव्या-पांढऱ्या शंकूचं चिन्ह असलेला हा प्लेअर फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि बहुतेक कोडेक त्याच्या पोटातच असतात. डाउनलोड सुमारे ४५ एमबीचं आहे, दिवसाच्या डेटा पॅकमध्ये सहज बसतं. नेट नसलेल्या घरात तालुक्यावरून पेनड्राइव्हमध्येही आणता येतं. मात्र तो व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या मूळ साइटवरूनच उतरवलेला हवा. फाइलवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मधून व्हीएलसी निवडा. दहातल्या आठ-नऊ जणांचं काम इथंच संपतं, असा माझा अंदाज.

एक सांगायलाच हवं. व्हिडिओ चालला नाही की नेटवर ‘कोडेक पॅक डाउनलोड करा’ अशी हिरवी बटणं दिसतात. त्यांना हात लावू नका. त्या नावाखाली व्हायरस खपवण्याचा धंदा फार जुना आहे, आणि ज्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम होतं त्यावर ही जोखीम कशाला?

विंडोजचाच प्लेअर वापरायचा असेल आणि तो शेवटी ५२१२ असलेला एरर नंबर दाखवत असेल, तर कोडेक सापडत नाही असा त्याचा अर्थ. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स’ घेता येतं, पण त्याला थोडे पैसे पडतात. एव्ही१ या आणखी एका कोडेकचं एक्स्टेन्शन फुकट आहे. व्हीएलसी असताना पैसे घालण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

चित्र दिसतं पण अडकत अडकत येतं, ही तक्रार वेगळी. फाइल चालू असताना व्हीएलसीत कंट्रोल आणि जे दाबा. ‘कोडेक’ या ओळीत एचईव्हीसी दिसलं आणि मशीन २०१५ च्या आधीचं असलं, तर त्यातल्या चिपला हे उलगडायची सोय बहुधा नाही. सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि तो दमतो. टीव्हीला पेनड्राइव्ह लावल्यावर ‘नॉट सपोर्टेड’ येतं, तिथंही अडचण बरेचदा कोडेकचीच.

अशा वेळी फाइल एच.२६४ मध्ये बदलून घ्या. व्हीएलसीत ‘मीडिया’मध्ये ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ उघडा, फाइल जोडा, प्रोफाइलमध्ये ‘एच.२६४ + एमपी३ (एमपी४)’ निवडा, नवं नाव द्या आणि ‘स्टार्ट’ दाबा. मूळ फाइल पुसू नका. रात्रभराचं नाटक असेल तर जुन्या मशीनवर कित्येक तास लागतात, म्हणून काम लॅपटॉपवर लावा. डेस्कटॉपची लाइन मध्येच गेली की सगळं पहिल्यापासून. आणखी एक अडचण पेनड्राइव्हची: तो एफएटी३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असला तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही, मग नाटकाचे अंकवार तुकडे करावे लागतात.

पुढच्या लग्नाची सुपारी देतानाच शूटिंगवाल्याला सांगून ठेवा, “भाऊ, एच.२६४ मध्येच देजा.” आयफोनवर स्वतः शूट करत असाल तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘कॅमेरा’, मग ‘फॉरमॅट्स’ उघडून ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. फाइल थोडी मोठी होईल, पण आजीच्या टीव्हीवर चालेल.