ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये एकट्याची कथा आणि सोबतीचा खेळ कसे जुळवावेत

रोल-प्लेइंग गेम म्हणजे प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायची कथा. आमच्या गटात चार खेळाडू आणि पाचवा मी, कथा रचून पुढे नेणारा सूत्रधार. तिघे सोलापुरात असतात, एक जण नोकरीसाठी पुण्यात असतो, आणि दर रविवारी रात्री डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर आम्ही लिखित स्वरूपाचा एक छोटा खेळ खेळतो. त्याची कथा संक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या होम मैदानावर भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत घडते. पहिल्याच रविवारी एका खेळाडूच्या पात्राला परागंदा झालेल्या थोरल्या भावाचे पत्र सापडले. तो ते वाचत असताना त्याच चॅनेलवर, म्हणजे संदेशांच्या त्याच खोलीत, दुसऱ्याचे पात्र भज्यांच्या गाडीवर घासाघीस करत होते आणि तिसऱ्याने नाचणाऱ्या बोक्याचे चित्र पाठवले. दोष त्यांचा नव्हता. मी दोन वेगळ्या गोष्टी एकाच जागी मांडल्या होत्या.

त्यानंतर आम्ही जो नियम धरला तो असा : निर्णय खासगी ठेवावा आणि त्याचा परिणाम सर्वांसमोर घडू द्यावा. खेळाडूला आपण नायक आहोत असे वाटते ते निवड त्याच्या हातात असते म्हणून, आणि सोबत्यांना तो खरा वाटतो ते त्याच्या निवडीची झळ त्यांना लागते म्हणून. 2011 साली आलेल्या ‘स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक’ या खेळाने यावर एक चतुर तोडगा काढला होता. गटातील प्रत्येक जण संभाषणात आपापले उत्तर निवडतो, मग फासे पडतात आणि ज्याचा आकडा मोठा त्याचे पात्र बोलते. मात्र चांगल्या-वाईटाचे गुण ज्याला त्याला स्वतःच्या निवडीप्रमाणेच मिळतात. फासा हरला तरी खेळाडूचा स्वभाव त्याच्यापाशीच राहतो, हे मला फाशांपेक्षाही महत्त्वाचे वाटते.

प्रत्यक्ष मांडणी करताना प्रत्येक खेळाडूसाठी सूत्रधाराशी बोलण्याचा एक खासगी चॅनेल आणि सर्वांसाठी एक सामाईक चॅनेल ठेवावा. मग दर रविवारी सगळ्यांचे धागे एकमेकांत अडकतील असा एकच प्रसंग रचावा. आमचा एक प्रसंग सविस्तर सांगतो. यंत्रमागावर काम करणाऱ्या पात्राला खासगीत एवढेच कळवले : ‘आकाशपाळण्याच्या सर्वांत वरच्या डब्यात तुझा भाऊ बसलेला आहे.’ फौजदाराला कळवले : ‘निळी शाल पांघरलेला माणूस पाळण्यातून उतरताच त्याला धरायचे आहे.’ पाळणा चालवणाऱ्याला सांगितले की कोणी हाताने खूण केली तर पाळणा थांबवणे त्याच्या हातात आहे. शेंगा चटणी विकणाऱ्या बाईला फक्त एवढेच दिसले की पाळण्याखाली उभा असलेला फौजदार वर पाहतो आहे. दहा मिनिटांत प्रत्येकाने सामाईक चॅनेलवर आपले पात्र काय करते ते लिहायचे होते. का करते ते लिहायचे नव्हते. कामगाराने हात वर केला, पाळणा थांबला, भाऊ गर्दीच्या डोक्यावर लटकत राहिला आणि चटणीवाल्या बाईने फौजदाराच्या पायाशी टोपले उपडे केले. खेळ साडेदहाला संपला, पण ‘तू हात का वर केलास?’ हा वाद व्हॉइस चॅटवर बारापर्यंत चालला. सोबतीचा खेळ म्हणतात तो हाच. त्यासाठी वेगळे क्वेस्ट, म्हणजे खेळाडूंना द्यायच्या मोहिमा, लिहावे लागत नाहीत. ‘का’ तेवढे झाकून ठेवावे लागते.

खासगी प्रसंग दहा मिनिटांपेक्षा लांबवू नये, नाहीतर बाकीचे चहा टाकायला उठतात आणि परत येत नाहीत. मोठ्या खेळांनाही हा वेगाचा प्रश्न सुटता सुटला नाही. ‘फायनल फँटसी 14’मधील मुख्य कथेच्या शेवटाकडचे एक डंजन (शत्रूंशी लढत पार करायची जागा) आठ जणांनी मिळून खेळायचे असे, जुने खेळाडू कटसीन, म्हणजे कथेची मधली चित्रदृश्ये, वगळून पुढे पळत आणि नवखा कथा पाहत मागे राही. आधी कटसीन वगळण्याची सोयच काढून टाकण्यात आली, तेव्हा जुने खेळाडू कंटाळले. अखेर 2022 साली ते डंजन चौघांसाठी नव्याने रचले गेले, शेवटच्या काही लढती त्यातून वेगळ्या काढल्या गेल्या आणि माणसांऐवजी संगणकाची पात्रे सोबत घेण्याची मुभा मिळाली. या अनुभवावरून एवढे धरावे की कथेचा नाजूक भाग घाईतल्या माणसाच्या भरवशावर सोडू नये.

उलट टोकाची चूकही होते. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ 2014 साली आला तेव्हा एकाच गटातील दोघे क्वेस्टच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर असले की काही ठिकाणी ते एकमेकांना दिसतच नसत. म्हणून कोणाची कथा कितीही पुढे गेली असली तरी सर्वांना भेटता येईल अशी एक जागा नेहमी मोकळी ठेवावी. आमच्याकडे ती जागा म्हणजे चटणीवाल्या बाईचे दुकान.

वीज गेली, परीक्षा आली किंवा कारखान्यात रात्रपाळी लागली, तर गैरहजर खेळाडूचे पात्र दुकानात बसलेले आहे असे मानावे. त्याच्या वतीने गर्दीतले किरकोळ काम सूत्रधाराने करावे, पण त्याचा खासगी निर्णय दुसऱ्या कोणी घेऊ नये.

सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी कानावर पडते, त्याचाही उपयोग करावा. आमच्या कामगाराचे आईशी होणारे बोलणे खासगी चॅनेलवर तेलुगूत चालते आणि सामाईक प्रसंग मराठीत. मला तेलुगू लिपी वाचता येत नाही, म्हणून तो बिचारा तेलुगू देवनागरीत लिहितो. त्याचे पात्र घरात वेगळे आणि मैदानात वेगळे वाटते, ते केवळ यामुळे.

जो खेळाडू चारचौघांत फारसा बोलत नाही, त्याच्यासाठी न बोलता सोबत देण्याची वाट असावी. 2009 सालच्या ‘डीमन्स सोल्स’मध्ये अनोळखी खेळाडू जमिनीवर संदेश ठेवून जात आणि पुढचा त्यावरून सावध होई. आम्ही दुकानाबाहेर एक फळा मानला आहे. त्यावर कोणीही आठवडाभरात एक ओळ लिहून जावे. आमचा सर्वांत अबोल खेळाडू तिथे सर्वांत जास्त लिहितो.

सत्र संपवताना सामाईक प्रसंग अर्धवट ठिकाणी थांबवावा आणि त्याच रात्री प्रत्येकाला खासगीत एकच प्रश्न पाठवावा, उदाहरणार्थ ‘भावाला घरी नेणार की पुण्याच्या गाडीत बसवणार?’ उत्तर बुधवारपर्यंत मागावे, म्हणजे पुढच्या रविवारचा प्रसंग लिहायला सूत्रधाराच्या हाती तीन रात्री उरतात.