सुती कापडावर घरच्या घरी पक्का लाल रंग कसा चढवावा

मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात, मोरीतल्या एका बादलीत, गॅस फारसा न पेटवता सुती ओढणी किंवा जुना पांढरा कुर्ता पक्का रंगवता येतो, यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. रंगकाम म्हणजे उकळता हंडा, वाफ आणि भिंतींवर डाग, असे चित्र डोक्यात असते. मात्र थंड पाण्यात चढणारे रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक क्रिया होऊन कायमचे जोडले जाणारे रंग, वापरले तर हे काम नीट तोलूनमापून कोणालाही साधते. या लेखात मी एकच रंग धरून चालणार आहे, बाजारात ज्याला ‘रेड एम ५ बी’ म्हणतात तो, कारण त्याच्या रेणूची घडण समजली की रंगकामातली प्रत्येक पायरी का आहे हे आपोआप उलगडते.

या रंगाच्या एका टोकाला ॲनिलिन आहे. ॲनिलिन हे नावच आपल्या नीळ या शब्दाच्या कुळातले आहे: संस्कृत नील, अरबी अन-नील आणि त्यावरून पोर्तुगीज अनिल. १८२६ साली उन्व्हरडॉर्बेन या जर्मन रसायनज्ञाने नीळ तापवून त्यातून एक तेलकट द्रव काढला. १८३४ मध्ये रुंगेला तोच पदार्थ दगडी कोळशाच्या डांबरात सापडला. आणि फ्रिट्शे याने पुढे निळीवर काम करताना त्याला ॲनिलिन हे नाव दिले. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन अशुद्ध ॲनिलिनपासून क्विनाइन बनवायला गेला आणि हाती आला जांभळा रंग, मॉव्ह. दोनच वर्षांनी पीटर ग्रीस याने डायझो संयुगे शोधली आणि खरा कारखाना तिथून उभा राहिला. ॲनिलिन आम्लात विरघळवून, बर्फाच्या थंडाईत त्यावर सोडियम नायट्राइटची क्रिया केली की डायझो संयुग तयार होते, आणि ते दुसऱ्या योग्य रेणूशी जोडले की मधे नायट्रोजनच्या दोन अणूंचा पूल असलेला अझो रंग मिळतो. आपल्या एम ५ बीमध्ये हा दुसरा रेणू ‘एच आम्ल’ नावाचा आहे, आणि त्याला पुढे एक आकडा, म्हणजे हुकासारखे काम करणारा रेणूचा भाग, लावलेला आहे, ज्यावर क्लोरीनचे दोन अणू मोकळे असतात. हा आकडा सुताच्या धाग्याला कायमचा अडकतो. ही युक्ती रॅटी आणि स्टीफन या रसायनज्ञांना १९५४ साली सापडली, आणि १९५६ मध्ये, म्हणजे पर्किनच्या जांभळ्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, असे रंग बाजारात आले.

हे जोडकाम घरी करायचे नाही, हे स्पष्ट सांगतो. ॲनिलिन त्वचेतूनही शरीरात शिरते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करते. आपण वापरतो तो तयार रंग म्हणजे ॲनिलिन नव्हे. तरीही त्याची कोरडी भुकटी नाकात गेली तर काहींना कायमचा दमा जडू शकतो. डबा उघडण्यापूर्वी नाकातोंडावर चांगला मास्क आणि हातात रबरी मोजे हवेत, पंखा बंद हवा, आणि मुलांना खोलीबाहेर ठेवावे. रंगासाठी वापरलेला चमचा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

खरेदीसाठी मशीद बंदरच्या वडगादी भागात रंग-रसायनांचे जुने व्यापारी आहेत. तिथे नुसता ‘लाल रंग’ मागू नये. पाकिटावर सी. आय. (कलर इंडेक्स, म्हणजे रंगांची प्रमाण यादी) रिॲक्टिव्ह रेड २ असे एम ५ बीचे यादीतले नाव लिहिले आहे का ते पाहावे. सुट्या, बिननावाच्या पुडीत काय आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसते, आणि बेंझिडिनसारख्या कर्करोगकारक अमाइनवर (अमाइन म्हणजे ॲनिलिनच्या कुळातले संयुग) बेतलेले अनेक अझो रंग भारतात गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातच बंद झाले आहेत. अझो म्हणजे विषारी, असा सरसकट समज मात्र चुकीचा आहे. रंग तुटल्यावर कोणते अमाइन सुटते यावर सारे ठरते. पुडी घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. जून ते सप्टेंबर या काळात मुंबईची हवाच इतकी ओली असते की उघड्या पुडीतला आकडा कापड पाहण्याआधीच पाण्याशी जुळून निकामी होतो.

आता कापड. ते सुतीच असल्याची खात्री करून घ्यावी. कडेचे दोन-चार धागे काढून जाळून पाहावेत: सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख उरते, पॉलिस्टर आक्रसून त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापडात फक्त सुताचा भाग रंगतो आणि एकूण छटा फिकी, ठिपक्याठिपक्यांची येते. तयार कुर्त्याची शिवण बहुधा पॉलिस्टरच्या दोऱ्याची असते, त्यामुळे लाल कुर्त्यावर पांढरी टीप उठून दिसते. मला ती आवडते; ज्यांना खटकते त्यांनी न शिवलेले कापड घ्यावे. रेशीम आणि लोकर यांना ही कृती लागू नाही.

नव्या कोऱ्या कापडात, विशेषतः मांजरपाटात, खळ असते. रंग या खळीलाच चिकटतो आणि पहिल्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो. म्हणून कापड लिटरमागे दोन ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडी साबण पावडर घातलेल्या पाण्यात अर्धा तास उकळावे, मग स्वच्छ खळबळावे. वाळल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळावे. पडताक्षणी पसरला तर कापड तयार आहे.

माझे वडील परळच्या एका गिरणीत डाइंग खात्यात होते. मला रंगकाम शिकवताना ते एवढेच म्हणाले, ‘‘आधी कापडाचं वजन कर, मग रंगाला हात लाव.’’ रंगाचे प्रमाण पाण्यावर नव्हे, कोरड्या कापडाच्या वजनावर ठरते. आपले कापड २०० ग्रॅमचे आहे असे धरू. भरदार लाल छटेसाठी २ टक्के, म्हणजे ४ ग्रॅम रंग. वजनाच्या वीसपट पाणी, म्हणजे ४ लिटर. लिटरमागे ५० ग्रॅम प्रमाणे २०० ग्रॅम मीठ. आणि लिटरमागे १५ ग्रॅम प्रमाणे ६० ग्रॅम धुण्याचा सोडा. मीठ स्वयंपाकातले बारीक चालते. बादली प्लॅस्टिकची किंवा स्टीलची असावी. ॲल्युमिनियमला सोडा खातो. महापालिकेचे तलावाचे पाणी या कामाला चांगले असते, पण इमारतीत बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येत असेल तर पिण्याच्या नळाचे पाणी आदल्या रात्रीच भरून ठेवावे.

सोड्याबाबत मी स्वतः फसलो आहे, म्हणून दोन वाक्ये जास्त लिहितो. पहिल्यांदा रंगवताना कोपऱ्यावरच्या वाण्याकडे ‘सोडा द्या’ म्हटले आणि त्याने साहजिकच खाण्याचा सोडा दिला. तासभर इमानाने ढवळूनही बादलीतले पाणी लालभडक राहिले आणि आईची ओढणी धुतल्यावर सरबतासारखी गुलाबी निघाली. खाण्याचा सोडा फार सौम्य आहे. सुताचा रेणू आकड्याला प्रतिसाद देतो तो पाणी पुरेसे अल्कधर्मी झाल्यावरच, आणि त्यासाठी धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा ॲश, लागतो.

रंगाची भुकटी एका वाटीत घेऊन त्यात थेंबथेंब गार पाणी घालत लेई करावी. गुठळी राहिली तर कापडावर गडद ठिपका पडतो आणि तो निघत नाही. लेई कोमट पाण्यात सैल करून बादलीत ओतावी. उकळते पाणी घालू नये, कारण या रंगाचा आकडा फार तत्पर असतो आणि उष्णतेत तो पाण्यालाच जाऊन अडकतो. बादलीतले पाणी तीस अंशांच्या आसपास हवे, आणि मुंबईत वर्षातले बरेच महिने ते नळातूनच तसे येते. जानेवारीतल्या सकाळी एक तांब्या गरम पाणी मिसळले की पुरे.

कापड आधी साध्या पाण्यात भिजवून, पिळून, मगच उलगडून रंगात सोडावे. दहा मिनिटे हलवत राहावे. मग मिठाचे तीन वाटे करून दर दहा मिनिटांनी एकेक घालावा, प्रत्येक वेळी कापड बाजूला सारून. पाण्यात सूत आणि रंग दोघांवरही ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात. मीठ हा दुरावा कमी करते आणि रंग धाग्यात शिरतो. या टप्प्यावर कापड छान लाल दिसते आणि काम झाले असे वाटते. झालेले नसते. आता नळाखाली धरले तर बहुतेक रंग वाहून जाईल.

सोडा वेगळ्या भांड्यात थोड्या गरम पाण्यात विरघळवून निववावा. कापड बादलीतून पूर्ण बाहेर काढावे, सोड्याचे पाणी ओतून ढवळावे आणि मगच कापड परत सोडावे. हे पाणी थेट कापडावर पडले तर जिथे पडते तिथे पट्टा उमटतो. पहिली पंधरा मिनिटे हात थांबवू नये. पुढे दर पाच मिनिटांनी कापड वरखाली करावे. सोडा घातल्यापासून एक तास पुरतो. याच तासात पाणीही आकड्याला आपल्याकडे ओढत असते, त्यामुळे रंगाचा काही भाग वाया जातोच, आणि उरलेले सोडामिश्रित रंगाचे पाणी उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नसतो. ते भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडावे, पावसाळी गटारात ओतू नये.

धुण्यात घाई केली तर सगळ्या कष्टांवर पाणी पडते. आधी दोन-तीनदा गार पाण्यात, मग कोमट पाण्यात खळबळावे, म्हणजे मीठ-सोडा निघतो. नंतर जवळजवळ उकळत्या साबणाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, आणि पाणी लाल झाले तर नव्या पाण्यात तेच पुन्हा करावे. इथे सुटतो तो न अडकलेला रंग. अडकलेला जागचा हलत नाही. शेवटी ओले कापड पांढऱ्या रुमालात गुंडाळून रात्रभर दडपणाखाली ठेवावे. सकाळी रुमालावर डाग दिसला तर साबणाचे पाणी आणखी एकदा उकळावे. सावलीत वाळवावे, आणि पुढे कधीही ब्लीच लावू नये; ते नायट्रोजनचा तो पूलच तोडते आणि गेलेली छटा परत येत नाही.

ओल्या कापडाची छटा नेहमी गडद भासते, म्हणून वाळल्याशिवाय निकाल लावू नये. फिकी वाटली तर पुढच्या वेळी ३ टक्के घ्यावे. जांभळा हवा असेल तर ‘ब्लू एम आर’ मिसळता येतो, पण तो अझो कुळातला नाही, अँथ्राक्विनोनचा आहे, आणि त्याची चढण्याची चाल लालपेक्षा वेगळी आहे. आधी चार बोटांच्या चिंधीवर प्रयोग करावा. वडिलांच्या वहीत अशा चिंध्या टाचणीने लावलेल्या आहेत आणि प्रत्येकीखाली तारीख, वजन, टक्के, मीठ, सोडा, वेळ लिहिलेली आहे. माझ्या वहीतले पहिले पान त्या गुलाबी ओढणीच्या तुकड्याचे आहे आणि सोड्याच्या रकान्यात ‘खाण्याचा’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत.