वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स चॅम्पियनशिपचा शेवटचा दिवस स्टेडियममध्ये बसून बघायचा असेल तर

टीव्हीवर कधी काय दाखवायचं ते दुसरं कोणीतरी ठरवतं, स्टेडियममध्ये मात्र कुठे बघायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि शेवटच्या दिवशी तर जास्तच, कारण दोन-तीन फायनल एकाच वेळी चालू असतात. बुडापेस्टला २७ ऑगस्ट २०२३ ला पुरुषांची ५००० मीटर, महिलांची उंच उडी आणि नीरज चोप्राची भालाफेक हे सगळं जवळपास एकत्रच चालू होतं. नीरजचा पहिला थ्रो फाउल गेला, दुसरा ८८.१७ मीटर आणि त्याच थ्रोवर गोल्ड. त्या क्षणी तुम्ही ट्रॅककडे बघत असलात तर गेलं ना! म्हणून तयारी घरूनच करायची.

तिकीट काढायच्या आधी टाइमटेबल नीट वाचा. शेवटचा दिवस म्हणजे सगळे मोठे इव्हेंट त्याच दिवशी असं अजिबात नसतं. २०१७ ला लंडनमध्ये स्पर्धा १३ ऑगस्टला संपली पण उसेन बोल्टची शेवटची रेस, ती ४x१०० रिले ज्यात त्याचा पाय धरला, ती १२ तारखेला झाली, म्हणजे फक्त शेवटच्या दिवसाचं तिकीट असलेल्यांना बोल्ट पळताना दिसलाच नसता. सकाळचं सेशन आणि संध्याकाळचं सेशन यांची तिकिटं बहुतेक वेगळी असतात तेही बघा. सकाळी मॅरेथॉन असेल तर रस्त्याच्या कडेला उभं राहून फुकट बघता येते, आणि कोर्स लूपचा असेल तर तेच रनर परत परत समोरून जातात, माझ्या मते तर ही चुकवूच नये अशी गोष्ट आहे.

सीटबद्दल माझं ठाम मत आहे. फिनिश लाइनच्या अगदी खालच्या रांगा महाग असतात आणि तिथून फिनिश सोडला तर बाकी ट्रॅक आडवा, चपटा दिसतो. त्यापेक्षा होम स्ट्रेटच्या (फिनिश लाइनकडे येणारा सरळ पट्टा) बाजूलाच पण वरच्या टियरला बसा, ५००० मीटरमध्ये कोण आत अडकलंय, कोण बाहेरून वर सरकतंय हे सगळं वरूनच कळतं. भालाफेक किंवा उंच उडीसाठीच जाताय तर स्टेडियमचा प्लॅन उघडून रनवे कुठल्या टोकाला आहे, मॅट कुठे आहे ते बघा आणि त्या बाजूचं तिकीट घ्या. दुपारी ऊन कुठल्या स्टँडवर येतं तेही बघून ठेवा. एक छोटी दुर्बीण हवीच, याला पर्याय नाही.

स्टार्ट लिस्ट (कोण कोण उतरणार त्याची यादी) आदल्या दिवशीच फोनमध्ये सेव्ह करा कारण एवढ्या गर्दीत नेट रडत रडत चालतं. आणि एक छोटी वही ठेवा, खरंच सांगतो. भालाफेकीत फायनलला साधारण बारा जण असतात, पहिले तीन थ्रो सगळ्यांना, मग खालचे बाहेर जातात, आणि स्क्रीनवर आकडा दोन सेकंद येऊन जातो. स्वतः लिहिलं की कोण कितव्या नंबरवर आहे, कोणाला आता मोठा थ्रो हवाच आहे हे लक्षात राहतं आणि मग प्रत्येक थ्रोला जीव टांगणीला लागतो. पांढरा झेंडा म्हणजे व्हॅलिड, लाल म्हणजे फाउल, आधी झेंडा बघा मग बोर्ड.

आता रिले, शेवटच्या दिवसाची खरी मजा. ४x१०० असेल तर सगळे धावणाऱ्यांकडे बघतात, तुम्ही एक्सचेंज झोनकडे, म्हणजे बॅटनची दांडी एकाकडून दुसऱ्याकडे देतात त्या पट्ट्याकडे बघा. झोन ३० मीटरचा असतो आणि बॅटन त्याच्या आतच दुसऱ्याच्या हातात जावी लागते, रनर कुठे आहे ते महत्त्वाचं नाही, बॅटन कुठे आहे ते महत्त्वाचं. शेवटचं एक्सचेंज होम स्ट्रेट सुरू होतो तिथे होतं, रेस बहुतेक तिथेच जिंकली किंवा घालवली जाते. ४x४०० मध्ये पहिला रनर पूर्ण राउंड आपल्याच लेनमध्ये, दुसराही पहिला बेंड (वळण) संपेपर्यंत लेनमध्येच, आणि लेनची सुरुवात पुढेमागे असते, त्यामुळे तोपर्यंत पुढे दिसणारा खरंच पुढे असेलच असं नाही. बुडापेस्टला पहिल्या दिवशी मिक्स्ड रिलेत (पुरुष आणि महिला एकाच टीममध्ये) नेदरलँड्सची फेमके बोल फिनिशच्या अगदी तोंडाशी पडली होती, आणि शेवटच्या दिवशी शेवटच्याच रेसमध्ये तिने मागून येऊन शेवटच्या काही मीटरमध्ये नेदरलँड्सला गोल्ड मिळवून दिलं. त्याच संध्याकाळी आपली पुरुषांची ४x४०० टीम फायनल पळून पाचवी आली.

स्टँडमध्ये वागायचं कसं तर स्टार्टर रनरना ब्लॉक्सवर बोलावतो तेव्हा एकदम शांत, शिट्टी नाही, घोषणा नाही, कारण फॉल्स स्टार्ट झाला तर खेळाडू थेट बाहेर. आणि उडी मारणारा हात वर करून टाळ्या मागतो तेव्हा मात्र हात राखून ठेवू नका, त्याच्या पावलांबरोबर टाळ्यांचा वेग वाढवत न्यायचा. स्प्रिंट आणि हर्डल्समध्ये वेळेशेजारी वाऱ्याचा आकडाही वाचा. अमेरिकेत युजीनला २४ जुलै २०२२ ला, त्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या शेवटच्या दिवशी, नायजेरियाच्या टोबी अमुसानने १०० मीटर हर्डल्सच्या सेमीफायनलला १२.१२ चा वर्ल्ड रेकॉर्ड केला आणि फायनलला त्याहून फास्ट, १२.०६, पण पाठीमागून वारा सेकंदाला २.५ मीटर होता आणि मर्यादा २.० ची, म्हणून ती वेळ रेकॉर्ड धरली गेली नाही.

बॅगेचा साइज, पाण्याची बाटली, झेंड्याची काठी यांचे नियम प्रत्येक स्पर्धेत वेगळे असतात, ते ऑफिशियल साइटवर वाचूनच निघा. झेंडा बहुतेक ठिकाणी चालतो, काठी अडकते. पॉवर बँक घ्या, आणि गेट उघडल्या उघडल्या आत जा म्हणजे वॉर्मअप पण बघायला मिळेल.

रिले संपली की लोक उठायला लागतात, तुम्ही उठू नका. आधी ट्रॅकच्या आतल्या मैदानात काय चालू आहे ते बघा. युजीनला अमुसानच्या त्याच संध्याकाळी ट्रॅकवरचं सगळं आटोपल्यावर स्वीडनच्या मोंडो डुप्लांटिसने पोल व्हॉल्टमध्ये (बांबूउडी) ६.२१ मीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड केला. शिवाय व्हिक्टरी लॅप असतो, मेडल सेरेमनी असते, खेळाडू रेलिंगपाशी येऊन सह्या देतात, तेव्हा व्हॉलंटियरला विचारून खालच्या रांगेत जा, गर्दी पातळ झालेली असते त्यामुळे सहसा सोडतात. शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते सकाळीच बघून ठेवा, आणि परतीची फ्लाइट त्याच रात्रीची काढूच नका, दुसऱ्या दिवशी दुपारची घ्या. पुढची वर्ल्ड चॅम्पियनशिप २०२७ ला बीजिंगला आहे, जायचं मनात असेल तर व्हिसाचं आणि तिकीटविक्रीच्या तारखांचं आत्तापासूनच बघायला लागा.